कोरी सीडी

हर्सूल,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. तनूस बाबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं आणि मी उत्तर लिहितोय संक्रांत सरल्यावर. एवढा उशीर झाला, माफ कर. पेन सापडत नव्हता असं लिहिणार होतो, पण पेन सापडत होता. चार वेळा कागद घेतला आणि घडी करून उशीखाली ठेवला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहायला वेळ लागतो, हेही खरं. माऊली म्हणतो, "बाबा, फोन लावून देतो, दोन मिनिटांत बोलून टाका तायडीशी." पण तुझा फोन अकरा वर्षं घेतला नाही, आता कोणत्या तोंडानं हॅलो म्हणू? कागदाला तोंड दिसत नाही.

इकडं सगळं ठीक. थंडी लई पडलीय. गुडघा रोज उठताना आवाज करतो. माऊली आणि सूनबाई कामावर जातात, मी घर राखतो. दिवसातून तीनदा गॅस बंद आहे का ते बघतो. तुझ्या आईला त्याचा राग यायचा. आता कोणी रागावत नाही, तरी बघतोच.

तू आईची मोरपंखी काठाची साडी मागितलीस, गोधडीत घालायला. वाचून मी जरा थबकलो. ती साडी तू घर सोडून गेल्यानंतरची. मीच गुलमंडीवरून आणली होती, तू नाहीस म्हणून घर सुनं झालं होतं, त्या दिवाळीत. इथं तिनं ती नेसलेली मला आठवत नाही. मग तुला ती कशी ठाऊक? मनात आलं, माऊलीनं सांगितलं असेल.

साडी अजून पाठवली नाही. का, ते सांगतो.

आईची पत्र्याची पेटी ती गेल्यापासून मी उघडली नव्हती. तुझ्या पत्रासाठी उघडली. साडी अगदी तळाला होती. उलगडली तर आत एक सीडी. वर तुमच्या दोघांची नावं छापलेली. तुमच्या लग्नाची सीडी.

आता ती बघायची तर मशीन पाहिजे. आपला जुना डीव्हीडी प्लेअर, भजनासाठी घेतलेला, तो कधीच भंगारात गेला. माऊलीनं भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय, पण त्याला सीडी घालायला फट नाही. माऊली हसला. "बाबा, आता सीडी कोण बघतं? सगळं मोबाइलवर येतं." मी म्हणालो, "मला जे बघायचंय ते मोबाइलवर येत नाही." काय बघायचंय ते त्याला सांगितलं नाही.

म्हणून सिटी बसनं पैठण गेटला गेलो. एका गल्लीत नईमभाई म्हणून आहेत, जुने टीव्ही, टेप, मशिनी दुरुस्त करतात आणि विकतात. त्यांनी सीडी उजेडात धरली, तिरपी केली आणि म्हणाले, "चाचा, ये डीव्हीडी नै है. ब्लू-रे है. इसका मशीन अलग आता." त्यात चित्र लई बारीक आणि लई स्वच्छ भरलेलं असतं म्हणे, मोठ्या पडद्यावर केस न् केस दिसतो. नव्या मशिनी आता दुकानांत फारशा राहिल्या नाहीत, पण त्यांच्याकडं तीन होत्या. एक नवी, पातळ, पाटीसारखी. एक परदेशातून आलेली. आणि एक जुनी, काळी, उचलायला जड.

मला तिन्हींची धास्ती. नवीला गॅरंटी होती, पण इतकी हलकी वस्तू टिकेल का? परदेशीत आपली सीडी चालेल का? नईमभाई म्हणाले, "वो रीजन का झगडा फिल्मों को, शादी की डिस्क को नै." सिनेमाच्या सीड्यांना देशादेशाचं कुलूप असतं म्हणे. जुनी तर जुनीच. चपटी वायर आपल्या टीव्हीत बसेल का, शॉर्टसर्किट होणार नाही ना, रिमोटचे सेल मिळतात का, सगळं विचारून घरी यायचो आणि रस्त्यात नवीन शंका निघायची. चार चकरा झाल्या. पाचव्या चकरेला नईमभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"क्या चाचा, मशीन ले रे के जमाई पसंद कर रे?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. पण तनू, ते वाक्य मला असं लागलं की तिथंच स्टुलावर बसलो. नईमभाई घाबरले, चहा मागवला.

चहा पिताना मी त्यांना एक विचारलं. ही सीडी साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर काय होईल? ते म्हणाले, "कुछ नै होता. बेचारा पढ़ीच नै सकता. नो डिस्क लिखके बैठ जाता."

आता जे लिहितोय त्यासाठीच कागद चार वेळा घडी केला होता.

तुझी सीडी आली ती २०१५ च्या जानेवारीत, रजिस्टर पोस्टानं. मी तुझ्या आईसमोर पाकीट बाजूला सारलं आणि म्हणालो, मला बघायची नाही. पण ती दळणाला गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि सीडी प्लेअरमध्ये घातली. मला तुला बघायचं होतं. नवरीच्या कपड्यात तू कशी दिसलीस ते बघायचं होतं. टीव्हीवर इंग्रजीत अक्षरं आली. एक एक लावून वाचलं, नो डिस्क. काढून पुसली, परत घातली. परत तेच.

मला वाटलं, तू कोरी सीडी पाठवलीस. मुद्दाम. तुम्ही आला नाहीत ना, मग घ्या, तुमच्यासाठी यात काही नाही. असं तू म्हणतेयस असं वाटलं. वर नावं छापून आत काही नाही, म्हणजे किती विचार करून केलेला अपमान, असं वाटलं. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण मी बघितलीच नाही असं मी सांगितलेलं.

तेव्हा शेंद्र्याचं शेत होतं. ज्वारी हुरड्यात होती आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. सगळे करतात तसं आम्हीही जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून शेतात टांगायचो, उन्हात चमकल्या की पाखरं उठतात. मी तुझी सीडी नेली आणि बाभळीच्या काटीला सुतळीनं टांगली.

तुझ्या लग्नाची सीडी मी पाखरं हाकायला टांगली, तनू.

तुझी आई दुसऱ्या दिवशी शेतात गेली होती. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं एवढंच विचारलं, "उठतात का हो पाखरं?" मी म्हणालो, "उठतात." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्याच आठवड्यात तिच्या आवडीची भजनांची सीडी घरातून नाहीशी झाली. फुटली म्हणाली. आता कळतं ती कुठं गेली. तिनं तुझी उतरवून घेतली आणि त्या जागी स्वतःची टांगली. दोन्ही सारख्याच चमकतात, मला काय कळणार. पेटीत सापडली तेव्हा भोकात माझी सुतळी तशीच होती. गाठ माझीच. कोरी असती तर तिनं ती जपली नसती, असं वाटलं, म्हणून मशीन शोधत निघालो.

असो. नईमभाईंना मी सगळं सांगितलं नाही, पण सीडी खरचटलेली आहे हे त्यांनीच दाखवलं. वाऱ्यानं काट्यावर घासून एका बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा पडलाय. ते म्हणाले, "नया मशीन नाजूक है, इसपे रुक जाएगा. ये पुराना जिद्दी है, अटक-अटक के पढ़ेगा, मगर पढ़ेगा." मग जुनी काळीच घेतली. पिशवीत घालून मांडीवर धरून बसमधून आणली. खड्डा आला की मी तिला दोन्ही हातांनी उचलायचो.

मागच्या रविवारी दुपारी माऊली आणि सूनबाई करमाडला कारभारीमामाकडं गेले होते. मी वायर जोडली. सीडी घातली. मशीन बराच वेळ घरघरली. मग चित्र आलं.

तू पांढऱ्या साडीत. शेजारी तुझे मिस्टर, तेही पांढऱ्यात. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. इतकं स्वच्छ, की तुझ्या हनुवटीवरचा तीळ दिसला. लहानपणी विळ्यानं कापलं होतं ती बोटावरची खूणही दिसली. मी उठून टीव्हीजवळ गेलो, मग लांब झालो, काय करावं सुचेना.

मग साहेबराव दिसला. तुझा सासरा. तनू, कंपनीच्या गेटवर त्यानं आणि मी बारा वर्षं एकत्र ड्युटी केली. त्याच्या डब्यातली तुझ्या सासूच्या, कडूबाईंच्या हातची भाकरी मी खाल्ली, त्यानं आपली खाल्ली. आणि तुमचं कळल्यावर मला जात आठवली. गेटवर सगळ्यांदेखत जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्याला आठवत असेल. त्यानं रजिस्टरवर सही केली आणि गेला. पुढच्या महिन्यात शिफ्ट बदलून घेतली.

तो साहेबराव सीडीत एका बाईला हात जोडून पुढच्या खुर्चीवर बसवत होता. बाईची साडी मोरपंखी काठाची.

तुझी आई.

त्या दिवाळीनंतर मला सांगून गेली होती, करमाडला भावाच्या नातवाचं जावळ आहे, दोन दिवसांनी येते. आली तेव्हा मी विचारलं, काय जेवण होतं? तिनं सगळं सांगितलं, लापशी, वांग्याची भाजी, सगळं. मला आता वाटतं, तुझ्याच लग्नाचं जेवण सांगत होती.

सहा महिन्यांपूर्वी जी माझ्यासमोर गेली ती समोर चालत होती. पदर सावरत होती. मी तिला हाक मारली. बरं झालं घरात कोणी नव्हतं.

पुढं एक माणूस माईक घेऊन सगळ्यांपाशी जातो. तिच्यापाशी आला, "मावशी, मुलीला दोन शब्द बोला." ती लाजली. तू तिच्या मागंच उभी आहेस, तिच्या खांद्यावर हात ठेवून. ती म्हणाली, "मला काय बोलता येतं बाबा." तू म्हणालीस, "बोल ना आई." मग तिनं माईककडं बघितलं आणि म्हणाली, "तनूचे बाबा आले नाहीत, त्याचं कोणी वाईट वाटून घेऊ नका. ते आले नाहीत, पण त्यांनी माझ्यापाशी..."

आणि चित्र थांबलं. तिचं तोंड अर्धं उघडं. मशीन खरखर करते, मग एकदम जेवणाच्या पंगती येतात.

मऊ फडक्यानं पुसली. पाण्यानं धुतली. परत नईमभाईंकडं नेली, त्यांनीही सगळं करून बघितलं. ओरखडा बरोबर तिथंच आहे. आठ दिवसांत मी ते किती वेळा लावलं ते विचारू नकोस. दर वेळी ती "माझ्यापाशी" म्हणते आणि थांबते.

मी तिच्यापाशी काहीच दिलं नव्हतं, तनू. ना साडी, ना निरोप, ना आशीर्वाद. ती लग्नाला गेली होती हेच मला माहीत नव्हतं. मग तिनं माझ्या नावानं काय सांगितलं?

जे सांगितलं असेल ते खोटं होतं, हे तुला आज मी सांगतो. कदाचित तेच खरं मानून तू अकरा वर्षं फोन करत राहिलीस. आईच्या दहाव्याला आलीस, तुझे मिस्टर बाहेर लिंबाखाली उभे राहिले, आणि मी आत या म्हणालो नाही. तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. तरी दिवाळीला तुझं पत्र आलं. मला तेव्हा कळत नव्हतं, ही पोर कशाच्या भरवशावर लिहिते.

नईमभाई म्हणतात, तुझ्याकडं दुसरी सीडी असेल तर तिच्यावर ते नीट दिसेल. पण ती मागायची माझी हिंमत नाही, आणि टपालानं यायला वेळ लागेल. तू तिच्या मागं उभी होतीस. तू ऐकलं आहेस. ती पुढं काय म्हणाली तेवढं एक वाक्य मला लिहून पाठव. मी काही दिलं असं ती म्हणाली असेल तर ते काय, ते कळव, म्हणजे आणता येईल. मी येईन असं म्हणाली असेल तर तसं कळव, माऊलीला तिकीट काढायला सांगतो. तिनं माझ्या नावानं जे सांगितलं ते मला खरं करायचं आहे. साडी तेव्हाच घेऊन येईन, टपालात टाकायला जीव होत नाही.

साहेबरावांना माझा नमस्कार सांग. त्यांनी घेतला नाही तरी सांग. आणि ज्यांचं नाव मी अकरा वर्षं घेतलं नाही, या पत्रातही टाळत आलो, त्या अतुलरावांना, आमच्या जावईबापूंना, या म्हाताऱ्याचा नमस्कार.

मशीन टीव्हीखाली ठेवली आहे. सीडी आतच आहे. वय झालं, धीर राहत नाही. पत्र पोचताच लिही, पोरी. एक ओळ चालेल, पण लवकर लिही.

तुझा बाप,
बद्रीनाथ