तेहतीस तास जागेवर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
सर्क्युलर आलं. यंदाचा बांधकाम सेवा सन्मान पंधरा सप्टेंबरला, इंजिनियर्स डेच्या दिवशी. फिटरपासून इंजिनियरपर्यंत कोणालाही मिळू शकतो म्हणे. लिहायला काय जातं! मी तीस सप्टेंबरला रिटायर होऊन राहिलो. सदतीस वर्षं लष्करी वसाहतीची कामं केली, घरात एक सर्टिफिकेट नाही. आता नाही तर कधीच नाही. म्हणजे मिळणारच.

५ ऑगस्ट
आपल्याकडे ज्याचं मानपत्र त्यानेच लिहायचं, साहेबाने सही ठोकायची. गेली बारा वर्षं सगळ्यांची मीच लिहून देतो, स्टेजवर वाचतोही मीच. आवाज आहे. आता स्वतःचं.
विषय: मे महिन्यातला पंप. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि वसाहतीचा मोठा पंप जळाला. नवी मोटर यायला तेहतीस तास. तोवर भंगारातला जुना पंप चालवून पाणी दिलं. हॉस्पिटलचा नळ एकदाही बंद पडला नाही.
तेव्हा मी घरी होतो. कंबर धरली होती. पण फोनवरून मार्गदर्शन चालू होतं. तीन फोन. पंपाजवळ फिटर बळीराम होताच.

६ ऑगस्ट, सकाळी ७
तपशील कमी पडून राहिले. बळीरामला विचारलं. तो सौंसरचा मराठी माणूस, या हिंदी मुलखात माझ्याशी मराठीतच बोलतो. म्हणे, काहून विचारून राहिले साहेब? म्हटलं, रेकॉर्डसाठी. बिचाऱ्याने सगळं सांगितलं.

७ ऑगस्ट
मसुदा झाला. ‘उमेदवार तेहतीस तास जागेवरून हलला नाही. तापलेल्या मोटरवर ओली पोती टाकत राहिला. उभ्यानेच जेवला. डावा तळहात भाजला तरी पंप सोडला नाही.’ नाव आत लिहायचं नसतं, वेगळ्या चिठ्ठीवर असतं. दोनदा वाचलं. डोळ्यात पाणी आलं.
तळहाताचं ठेवावं का? ठेवलं. भावना पोचली पाहिजे.
पुरावा म्हणून पंपघराचं लॉगबुक जोडलं. तेहतीस तासांच्या नोंदी. सह्या बळीरामच्या आहेत, पण रजिस्टर मी इश्यू केलं होतं.

११ ऑगस्ट
उद्यापासून रोज चालायचं. बंद गळ्याचा कोट पोटावर लागत नाही.

१२ ऑगस्ट
पाऊस. चाललो नाही.

२० ऑगस्ट
फ्रेमसाठी हॉलमध्ये जागा ठरवली. हेमलता म्हणाली, आधी मिळू तर द्या. बायकोचा स्वभावच असा. बळीरामला बोलावून भिंतीला भोक पाडून घेतलं, खिळा पक्का बसवला. म्हणे, किती वजन लटकवायचं आहे साहेब? म्हटलं, कळेल. चहा पिऊन गेला.

२८ ऑगस्ट, गुरुवार
मेघना मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या हेड, वयाने माझ्या मुलीएवढ्या. समोर लॉगबुक उघडं. विचारलं, आप उस समय कहाँ थे? म्हटलं, निरंतर संपर्क में. कितने फोन? तीन. फोनवर काय सांगितलं? म्हटलं, विचारलं, झालं का. त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी नमस्कार केला.
शेवटी म्हणाल्या, मानपत्र फार सुंदर आहे, यातला एक शब्दही बदलणार नाही.
निवड पक्की!

१२ सप्टेंबर
मॅडम म्हणाल्या, यंदाही वाचन तुम्हीच करा. हेमलताला विचित्र वाटलं, स्वतःचं स्वतःच कसं वाचणार? तिला कार्यक्रमांचं काही समजत नाही. आरशासमोर तीनदा वाचलं. ‘तळहात’वर थोडं थांबायचं. कोट अजून लागत नाही. पोटावरचं बटण सोडून घालीन.

१५ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळ
स्टेजवर लिफाफा फोडला. चिठ्ठीवर बळीरामचं नाव. खाली माझा मसुदा, काना-मात्रेचा फरक नाही.
वाचला. आवाज चांगला लागला. ‘तळहात’वर ठरल्याप्रमाणे थांबलो. बळीराम पहिल्या रांगेत आपल्या हाताकडे बघत बसला होता. टाळ्या खूप पडल्या. मला काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं सगळंच झालं होतं.
नंतर तो मागे आला, पाया पडला. म्हणे, साहेब, माझ्यावर इतकं लिहिलं तुम्ही! तेव्हा सारखं झालं का, झालं का करून राहिले होते, तर मी मनातल्या मनात शिव्या घातल्या तुम्हाला. माफ करा. मला वाटे, कोणी बघतच नाही.
मी म्हटलं, अरे, असू दे.
मग म्हणे, तुमच्या हातचा कागद असेल तर द्या, घरी लावतो. दिला.

१५ सप्टेंबर, थोड्या वेळाने
हेमलताने विचारलं. सांगितलं, मी बळीरामसाठीच लिहिलं होतं. खरं म्हणजे सुरुवातीपासून माझा हेतू तोच होता.
वरचं वाक्य खोडायचं आहे. उद्या खोडीन.

१६ सप्टेंबर
खोडलं नाही. हॉलमधल्या खिळ्याला हेमलताने कॅलेंडर लावलं. वाईट वाटलं. नंतर तेही गेलं.

२९ सप्टेंबर
उद्या निरोपसमारंभ. निरोपाची भाषणंही ऑफिसात मीच लिहून देतो. मॅडम म्हणाल्या, आपलं तुम्हीच लिहा, मी वाचीन. म्हटलं, चलो, ठीक है.
सकाळी लिहायला बसलो. ‘१९८८ साली रुजू झाले.’ मग ‘आज नियत वयोमानाने निवृत्त होत आहेत.’ मधलं दुपारी लिहू म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार
समोसे, रसगुल्ले, शाल. कोट लागला, पंधरा दिवसांत जेवण कमी झालं होतं. बळीरामने हार घातला. मॅडम माइकवर गेल्या, कागद वाचला, उलटून पाहिला. मला हळूच विचारलं, बाकी का पन्ना?
म्हटलं, एवढंच आहे.