नीलाच्या नावाचा व्हिडिओ

हॅरो, मंगळवार संध्याकाळ

माझी लेक नीला गेल्यानंतर तिच्या संस्थेने पहिल्यांदाच काही पाठवलं. मलावीतल्या शाळेचा व्हिडिओ, शेवटी तिचा फोटो आणि नाव. दुसरीतली एक मुलगी घडाघडा वाचते आहे. पण पान कुणी उलटतच नाही. पुन्हा पाहिलं. पुस्तक शेजारच्या मुलाच्या हातात, ही कॅमेऱ्याकडे बघते आहे. मग हे वाचन की पाठांतर? तिथल्या वर्गात नीला आधी हेच बघायची, पुस्तक कुणाकडे आहे. एका पुस्तकाभोवती तिघं बसली की मुलींच्या वाट्याला नुसतं ऐकणं येतं, म्हणायची.

की दुःखामुळे मलाच सगळं खोटं वाटतंय? तिसऱ्यांदा पाहिलं. पान तेच.

नीलाच्या जागी आलेल्या ऋतुजाला फोन केला.

"काका, किती गोड वाचते ना?"

"मधला एखादा शब्द दाखवून विचारलंत का तिला?"

"अहो काका, तुम्ही पण ना! नीलाताईंची आठवण म्हणून केलाय. शुक्रवारी इथल्या कार्यक्रमात डोनर्सना दाखवायचाय."

म्हणजे नाहीच विचारलं.

"मग त्यातून नीलाचं नाव काढून टाक," मी म्हणालो. "त्या पोरीला वाचता येऊ दे, मग घाल."

"बघते," म्हणाली.

शुक्रवारी मी स्वतः जाऊन पहिल्या रांगेत बसणार आहे.