डाव्या हाताचं माप

अर्नाळा किल्ला
२० जुलै १९५१

ती. श्रीपतदादा यांस धाकट्या हंसाचा शि. सा. न. वि. वि.

समुद्र खवळलेला, पलीकडे होडी जात नव्हती, म्हणून उत्तराला उशीर. रागावू नकोस.

ह्यांच्या हाताची जखम भरली. पण होडी वर ओढताना ओंडक्याखाली गेलेली उजव्या हाताची बोटं थोडीच परत येणार? दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. नवं जाळं अर्धंच विणून झालंय. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमचं जाळं पाण्यात पडलं नाही, तर समुद्रातली आमची जाळं लावायची जागा चुलतदिराला द्यायची, असं जमातीनं ठरवलंय. आजेसासऱ्यांपासूनची जागा. ती गेली की ह्यांनी दुसऱ्याच्या होडीवर राबायचं.

म्हणून मीच सुई हातात घेतली. बाबांपाशी बसून जाळ्याची गाठ तुझ्याआधी मी शिकले होते, आठवतं ना? सासूबाई म्हणतात, बाईनं फाटलेलं सांधावं, नवं विणू नये. म्हणतात आणि सूत मात्र गुंडाळून देतात. थोडं सूत पाठव.

तुझी माया पाणी ओलांडून येते, ती तशीच येत राहावी, ही वि.

हंसा


पाचूबंदर
२७ जुलै

चि. सौ. हंसा हिस दादाचे अ. उ. आ.

पत्र ऐकून आई जेवली नाही. वेड लागलंय का तुला? भर पाण्यात जाळं फाटलं तर गाव खापर तुझ्याच डोक्यावर फोडेल. जावईबापूंना घेऊन इकडे ये, माझ्या होडीवर सगळ्यांचं भागेल. गाठ तू आधी शिकलीस हे खरं, पण ते गावभर सांगत फिरू नकोस.

पत्र मिटलं होतं, पुन्हा उघडलं. तू माप कुणाच्या बोटांवर घेतेस? जाळ्याचं घर चार बोटांचं, पण ती बोटं जावईबापूंची. तुझी बारीक. घरं लहान पडली तर ओहोटीला चिखल अडकून जाळं जड होईल आणि फाटेल. त्यांच्या बोटांएवढी बांबूची पट्टी काप आणि तिच्यावर वीण. सूत पाठवलंय.

आम्ही रागावलो तरी तुझेच आहोत, हे ध्यानात असावं.

श्रीपत


अर्नाळा किल्ला
६ ऑगस्ट

ती. दादा यांस हंसाचा शि. सा. न.

तुझंच खरं निघालं. मी विणलेलं सगळं उसवलं आणि चुलीपाशी बसून रडले.

पट्टी मात्र कापली नाही. ह्यांच्याजवळ जाऊन डावा हात मागितला. हे भडकले, थोट्याची चेष्टा करतेस का म्हणाले, जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसले. बऱ्याच वेळानं, तोंड भिंतीकडेच ठेवून, हात मागे केला. आता उठून बसतात. मी त्यांच्या बोटांवर विणते आणि गाठ सैल पडली की हे माझ्यावर ओरडतात. ते ओरडणं मला फार बरं वाटतं. त्यांच्यापुढे पट्टीचं नाव काढलंस तर बघ.

भीती वेगळीच आहे. बाईच्या हातचं जाळं पाण्यात गेलं तर दर्या कोपेल, असं चुलतदीर सांगत फिरतोय. पाटील सगळ्यांसमोर विचारणार आहेत. ह्यांनीच डाव्या हातानं विणलं असं सांग, असं सासूबाईंनी मला पढवलंय. मी हो म्हटलं, पण मनाला पटत नाही.

आईला नमस्कार. तुमची आठवण हाच माझा आधार.

हंसा


अर्नाळा किल्ला
१८ ऑगस्ट

ती. दादा यांस शि. सा. न.

किनाऱ्यावर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी पाटलांनी जमातीपुढे विचारलं, जाळं कुणी विणलं. मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. कायम पंच्यात गुंडाळलेला तो हात आज उघडा होता. म्हणाले की जाळं माझ्या बायकोनं विणलंय, दर्याची भीती वाटते त्यानं आज घरी बसावं. पाटलांनी आणि चुलतदिरानं दोन्हीकडून जाळं ताणून बघितलं. ते धड राहिलं. तेव्हा पाटील म्हणाले, टाका, पण पाण्यात फाटलं तर जागा आजच गेली.

हे स्वतः होडीवर गेलेत. वारा वाढलाय. बाकीच्या होड्या आल्या, आमची नाही. चुलतदीर इथेच उभा आहे, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी काहीतरी लिहीत राहिले नाही तर रडेन.

शीड दिसलं, दादा. होडी पाण्यात खोल बसलीय, म्हणजे भरून येतेय. हे पुढे उभे आहेत, तोच हात उंच केलाय आणि सगळ्या गावादेखत मला माझ्या नावानं हाक मारताहेत.

दोर धरायला जाते. लोभ असू दे.

हंसा