गाळ निर्धोक आहे

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. ट्रकवाल्यानं वाटेत दोनदा चहा घेतला आणि एकदा रस्ता चुकवला, तरी काचेचं कपाट शाबूत पोचलं, यातच सगळं आलं. कारखान्याच्या वसाहतीतलं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. दोन खाटा टाकल्या तर पाय ठेवायला जागा उरणार नाही एवढंच, पण धाकटी बहीण त्यात मळा पिकवायला निघाली आहे. गुलाबाची सहा कलमं ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं वाटभर मांडीवर धरली होती. माझी प्रमाणपत्रं मात्र पायाखाली.

आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिची आई, बाप, मास्तरीण, सगळं मीच. आता चोवीसची आहे, शिवणकामात तिचा हात कोणी धरू शकणार नाही, आणि मला नियम घालून देते. जंतूंच्या कारखान्यातून आलीस की आधी मोरीत, मग घरात, असं तिनं आल्या आल्या जाहीर केलं. मी मान डोलावली. करते काय.

६ मार्च, बुधवार

साहेबांनी स्वतः कारखाना दाखवला. तीन मजली उंच टाक्या, आणि त्यांत आमची ‘म्हातारी’. प्रयोगशाळेतल्या बशीवर वाढवली की पांढरी, पिठूळ दिसते म्हणून सगळे तिला म्हातारीच म्हणतात. आहे जंतूच, पण तिच्या अंगातून झिरपणारं औषध दुसऱ्या जंतूंना मारतं. तीस वर्षं कारखाना तिच्या जिवावर चालला आहे. दर नव्या औषधासाठी तिच्या जनुकांत नवी काटछाट, नवी जोडणी.

ती स्वतःच्या विषानं कशी मरत नाही, हे मला कॉलेजपासून आवडणारं कोडं. उत्तर सोपं आहे. तिच्या जनुकांतच त्या विषावरचा उतारा असतो. नवं औषध आलं की नवा उतारा. तीस वर्षांत म्हातारीनं उताऱ्यांचं गाठोडंच जमवलं आहे.

औषध काढून घेतलं की उरतो तपकिरी गाळ. तो वाफवायचा, मागच्या खड्ड्यात मातीबरोबर मुरवायचा आणि खत म्हणून पोत्यांत भरायचा. वसाहतीतल्या बागा त्यावरच फोफावल्या आहेत. गाळात म्हातारी जिवंत उरली नाही ना, हे तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम.

गोदाम सांभाळणारे काका भले वाटले. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मी विचारण्याआधीच म्हणाले, यंत्रात गेली. चामडी हातमोजे मात्र ते जेवायच्या सुट्टीतही काढत नाहीत.

११ मार्च, सोमवार

पाच दिवस बशा पाहिल्या. म्हातारी कुठेच नाही. मातीतल्या साध्या जंतूंचे करडे ठिपके तेवढे उगवले होते, पण ते मोजायचे नसतात. मी दाखल्यावर लिहिलं, ‘गाळ निर्धोक आहे’, आणि खाली झोकात सही ठोकली. दाखल्याची प्रत प्रत्येक पोत्यावर चिकटवतात. आपलं नाव असं पोत्यापोत्यावर पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन पोती घरी आणली. धाकटीनं भांडी घासायचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवले. मला हसू आवरेना. म्हटलं, "पोत्यावर सही कोणाची आहे बघ. घाल हात बिनधास्त." ती ओशाळली. हातमोजे काढून दोरीवर टाकले आणि दोन्ही हात मातीत घातले.

१७ मार्च, रविवार

सहाही कलमांना पालवी फुटली. नाचायचीच बाकी होती बाईसाहेब. एक कुंडी सरकवताना तिच्या उजव्या हाताच्या बोटात काटा गेला. बोट तोंडात घालून तिनं पडदे शिवायला घेतले. एका खिडकीचा झाला, दुसऱ्याला टाचण्या लावून ठेवला आहे. दोन दिवसांत संपवते म्हणाली.

२० मार्च, बुधवार

बोट सुजलं आहे. वसाहतीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या, आमच्याच कारखान्याच्या. पाकीट हातात घेऊन मी उगाच फुशारले. धाकटीला सांगितलं, आता तुझ्यासाठी आमची म्हातारी राबणार. ती म्हणाली, तिला सांग जरा लवकर राब, सुई धरता येत नाही.

२३ मार्च, शनिवार

सूज मनगटाच्या वर गेली. ताप उतरत नाही. हॉस्पिटलात ठेवलं आहे. दोनदा औषध बदललं, काडीचा फरक नाही. जखमेतला पू मी काचेच्या नळीत मागून घेतला आणि थेट प्रयोगशाळेत गेले. सुट्टी होती. रखवालदारानं दार उघडून दिलं.

२५ मार्च

बशीवर जखमेतले जंतू पसरले आणि त्यावर दहा औषधांच्या दहा टिकल्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं दिसतं. नऊ टिकल्यांभोवती काहीच नाही. जंतू टिकलीला चिकटून वाढले आहेत, मजेत.

दहावीभोवती कडं आहे. चार नंबरच्या टाकीतलं औषध, अजून बाजारात न आलेलं. डॉक्टर बाईंनी धावपळ करून खास परवानगी आणली. दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं. मी बाकावर बसून रडले. कोणी पाहिलं तर पाहू दे.

पण बशीवरचे जंतू करडे आहेत.

२६ मार्च

माझ्या जुन्या बशा काढल्या. तेच. मी मोजले नव्हते ते. त्यांची जनुकं तपासली. त्यांच्यात म्हातारीचे उतारे आहेत. अक्षरन् अक्षर तेच.

वाफेनं म्हातारी मेली. तिची जनुकं नाही मेली. त्यांचे तुकडे गाळात पडून राहिले, आणि तीस वर्षं त्या एकाच खड्ड्यात मातीतले जंतू ते उचलत राहिले. गाळात औषधाचा अंशही असतो. उतारा नसलेले त्यानं मेले, उरले ते हे. मी जिवंत म्हातारी शोधत बसले. मेलेली मागे काय ठेवून गेली ते पाहिलंच नाही.

मी हसले होते तिला. हातमोजे घातले म्हणून.

२७ मार्च

गोदामात गेले. काकांना फक्त एवढंच विचारलं, बोटं कशी गेली.

"यंत्र नव्हतं, बाई. काकडीच्या वेलाला तार बांधत होतो. तार लागली."

यंत्र म्हण, असं साहेबांनी सांगितलं होतं. आपलंच नशीब फुटकं असं समजून ते गप्प राहिले. माझी बहीण हॉस्पिटलात आहे म्हटल्यावर त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

साहेबांकडे गेले. खड्डा बंद करा, पोती परत मागवा म्हटलं. हात जोडले. त्यांनी खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘ही सही तुमचीच ना?’

२९ मार्च

कडं मिटलं.

चौथ्या दिवशी आतही ठिपके आले. चार नंबरच्या टाकीचा गाळही त्याच खड्ड्यात जातो, गेलं वर्षभर. मला सुचायला हवं होतं. सगळ्या बशा भिंतीवर फोडल्या. अंगठा कापला.

उजवा हात कोपरापासून काढला. संमतीच्या कागदावर सही माझीच. आणखी एक.

३१ मार्च

शुद्धीवर होती थोडी. डाव्या हातानं शिवता येतं का, विचारलं. येतं म्हटलं. मग सुई तू ओवून दे म्हणाली — देईन — आयुष्यभर देईन —

घरी पडदा तसाच. टाचण्या तशाच. हातमोजे दोरीवर. गुलाबाला कळी आली आहे. उपटून टाकावंसं वाटतं, पण हात लावायची — नाही.

१ एप्रिल

खांदा लाल. आता देण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. हातमोज्यांशिवाय तिला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं आहे. मलाही.

२ एप्रिल

मी काढले. कोणी नव्हतं. तिचा डावा हात धरला. डोळे मिटलेले होते तिचे.

"ताई, हातमोजे घातलेस ना?"

घातले म्हटलं. तिची बोटं माझ्या अंगठ्यावरून फिरली, चिरेवर थांबली. मग ती हात सोडवायला लागली. अंगात त्राण नाही आणि तरी — माझा हात ढकलत होती — मी सोडला नाही —

३ एप्रिल

धाकटी सकाळी गेली.

अंगठा ठणकतो. पेन नीट धरवत नाही —

बाहेर गाडी आली आहे. पोती उतरवताहेत. प्रत्येक दारात दोन. वर माझं नाव — साहेबांनी जुनाच दाखला —

समोरच्या आजींनी पोतं फोडलं. बाह्या वर करताहेत — खिडकी उघडत नाही, अंगठा — काच वाजवते आहे, त्या हसून हात हलवताहेत मला — आजी, नको — हात घालू नका, हात —