एका रात्रीपुरतं शून्य

३ सप्टेंबर

दादा म्हणतो, "दरवर्षी होतं, यंदाही होईल." दरवर्षी होतं म्हणूनच तर मला धडकी भरली आहे!

सकाळी बँकेत जाऊन आले. जुने साहेब बदलून गेले. नवा तरुण आहे, गोड बोलतो. त्याला म्हटलं, एकतीस ऑक्टोबरला आम्ही सगळं कर्ज फेडणार, एक नोव्हेंबरला तेवढंच पुन्हा घेणार, ते मिळेल असं लिहून द्या. "देऊ की मॅडम, तुम्ही काय आजच्या आहात का?" लेखी द्याल? "बघू या, फाईल वर गेलीय." मग चहा मागवला. तोंडी हो, लेखी काही नाही, आणि वर चहा. लक्षण बरं नाही.

४ सप्टेंबर

एकदा सगळं लिहूनच काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

आमचा कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. काचेची भट्टी एकदा पेटवली की विझवायची नाही. विझली तर आतली काच थिजते, विटा तडकतात, आणि मग ती पाडून नवीच बांधावी लागते. तीन वर्षांपूर्वी जुनी थकली म्हणून नवी बांधली. ही बारा वर्षं चालेल. आणि तिच्यासाठी कर्ज काढलं एका वर्षाचं! कारण बाबांचा नियम — कर्जावरून वर्ष उलटू द्यायचं नाही. बारा वर्षांच्या भट्टीला एक वर्षाचं कर्ज. थोराड माणसाला बाळाचं अंगडं घालायचं आणि दरवर्षी ते फाटलं की आश्चर्य करायचं.

मग वर्षाच्या शेवटी काय करायचं? गॅसचं बिल थांबवायचं. वाळूवाल्याला "पुढच्या आठवड्यात" म्हणायचं. गिऱ्हाइकांकडे आगाऊ पैशांसाठी तोंड वेंगाडायचं. सगळं खरवडून बँकेत भरायचं, खातं शून्यावर आणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक तेच पैसे परत देते. मधली ती एक रात्र बाबा बिनकर्जाचे झोपतात. घरात तिला नावच पडलं आहे — कोरी रात्र. वहिनी म्हणते, "एका रात्रीच्या झोपेसाठी तीनशे पासष्ट दिवसांची जागरणं."

आजवर पार पडलं ते जुन्या साहेबांच्या भरवशावर. यंदा पैसे भरले आणि यांनी परत दिलेच नाहीत तर? गॅसला पैसे नाहीत. गॅस नाही तर भट्टी नाही. भट्टी नाही तर आम्ही कोणीच नाही.

११ सप्टेंबर

बँकेचं पत्र. निम्मं देणार. "धोरणात बदल झाल्यामुळे." पत्र माझ्या टेबलावर ठेवून दादा म्हणाला, "नुसतं पत्र आहे गं. समोरासमोर बसलो की वितळतात."

दादा मूर्ख नाही. विकायला बसला तर वाळूतून तेल काढेल. पण त्याला वाटतं बँक म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नाही ते. गिऱ्हाइकाला आपली बाटली हवी असते, बँकेला आपले पैसे परत हवे असतात.

ठरवलं. भट्टीचं कर्ज भट्टीच्या वयाचं घ्यायचं. उद्यापासून फोन.

१८ सप्टेंबर

कारखान्यांना लांब मुदतीची कर्जं देणाऱ्या एका कंपनीत गेले. समोर पांढऱ्या केसांची बाई. चहा नाही, पाणी नाही, थेट प्रश्न.

"भट्टी किती वर्षं चालेल?"

"अजून नऊ."

"आणि कर्ज?"

"एक."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

मग हसल्या. मलाही हसू आलं, पण आतून रागही आला — बाबांना परक्या माणसाने हसायचं नाही.

तासभर बसलो. आठ वर्षांची मुदत. पहिल्या वर्षी फक्त व्याज, पुढे दर तीन महिन्यांनी हप्ता. नववं वर्ष मोकळं ठेवायचं, कारण तेव्हा पुढच्या भट्टीसाठी पैसे साठवायला लागतील. व्याज दीड टक्का जास्त. वाळू आणि गॅससाठी बँकेचं छोटं कर्ज चालूच ठेवायचं, ते निम्म्यातही भागतं. वाळू दोन महिन्यांत बाटली होऊन विकली जाते, तिचं कर्ज छोट्या मुदतीचंच बरं. इतकं साधं! बाहेर पडून रस्त्यावर मी मोठ्याने म्हणाले, "इतकं साधं!" एक जण वळून बघत राहिला.

एक अट मात्र जड आहे. आमच्या कारखान्यात सगळ्यात मोठा हिस्सा बाबांचा. त्यांची जामिनाची सही लागेल. संपूर्ण मुदतीसाठी.

२० सप्टेंबर

दादाकडे जेवायला. जेवणं झाल्यावर विषय काढला.

दादा आधी भडकला. "दीड टक्का जास्त? आणि दर तीन महिन्यांनी त्या बाईला हिशोब दाखवायचा? आपण काय शाळेत आहोत, प्रगतिपुस्तकावर सही आणायला?" मी म्हटलं, हो. दीड टक्का म्हणजे आपल्या झोपेची किंमत समज.

मग बाबांनी विचारलं, "किती वर्षं म्हणालीस?"

"आठ."

"मी ब्याऐंशीचा आहे."

"माहीत आहे, बाबा."

"म्हणजे मी गेल्यावरही मी कर्जदार."

उठून आत गेले. जाताना खुर्चीला धडकले. दिसत नाही त्यांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. वहिनी दोन वर्षं म्हणतेय ऑपरेशन करून घ्या. ठरलेलं उत्तर — "पिकलं पान मी. गळायला आलेल्या पानाला कोणी रंग देतं का?"

२१ सप्टेंबर

बाबांनी अबोला धरला आहे. ठीक. मीही त्यांचीच मुलगी.

२९ सप्टेंबर

बाई कारखाना बघायला आल्या. भट्टीपासून गोदामापर्यंत सगळं चालून पाहिलं, प्रत्येक ठिकाणी विचारलं, "हे बंद पडलं तर?"

बाबा नेहमीप्रमाणे तपासणीच्या पट्ट्यापाशी उभे होते. रोज सकाळी येतात. पट्ट्यावरून एक बाटली उचलली, दिव्यासमोर धरली, फिरवली. "बघा, एक बुडबुडा सापडणार नाही." बाईंच्या हातात दिली. मानेपाशी मुगाएवढा बुडबुडा. मला लांबून दिसला, बाईंनाही दिसला असणार. त्यांनी बाटली परत केली आणि म्हणाल्या, "छान आहे."

बाबांनी ती चांगल्या बाटल्यांत ठेवली. तपासनिसाने मुकाट्याने मागून काढली. हे रोजचंच आहे हे त्याच्या हाताच्या सवयीवरून कळलं.

जाताना बाई म्हणाल्या, "कर्ज मंजूर होईल. जामीन पंचवीस तारखेच्या आत. त्याशिवाय नाही."

६ ऑक्टोबर

दादा आज जरा नरमला. दुपारी दोघंच होतो, म्हणाला, "तुला आठवत नाही, तू लहान होतीस. आजोबा गेले त्या दिवशी दारात घरच्यांपेक्षा घेणेकरी जास्त होते. जुन्या बाटल्यांचं एवढंसं दुकान, पण उधारी गावभर. एकाने दुकानाचा तराजू उचलून नेला. बाबा बघत उभे होते."

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. कोऱ्या रात्रीची मी इतकी वर्षं थट्टा केली. मुलाच्या दारात कोणी येऊ नये एवढंच त्या माणसाला हवं होतं.

पण तरीही. वाईट वाटलं म्हणून गणित बदलत नाही. एकतीस तारखेला पैसे भरून एकला हात चोळत बसलो, तर दारात घेणेकरी येतील ते बाबांच्या डोळ्यांदेखत येतील.

१२ ऑक्टोबर

बँकेतल्या साहेबाकडून दादा परत आला. वितळले नाहीत. चहा मिळाला.

१५ ऑक्टोबर

भांडण. मोठं.

दादाने गॅसचं बिल थांबवायला सांगितलं होतं, मला न विचारता. कोऱ्या रात्रीची तयारी! म्हणे, "आधी फेडू तर. बाबांचा शब्द मोडायचा का? बाकीचे निम्मे मी कुठूनतरी उभे करतो." कुठून? "बघू."

कंपनीच्या चेकवर दोन सह्या लागतात, त्याची आणि माझी. मी म्हटलं, "गॅसच्या पैशांतून बँकेला एक पैसा जाणार नाही. मी सही करणार नाही."

"बाबांना काय सांगू?"

"सांग, धाकटीने अडवलं."

"आपल्याला खिंडीत गाठतेयस तू."

"आपण तीन वर्षं खिंडीतच राहतोय, दादा. आपण तिला घर म्हणतो एवढंच."

दार आपटून गेला. गॅसच्या चेकवर त्याची सही आधीच झालेली होती; खाली माझी केली आणि बिल भरून टाकलं. सगळ्यांशी एकाच वेळी वैर झालंय, आणि नवल म्हणजे भूक लागली. डब्यातलं सगळं संपवलं.

१९ ऑक्टोबर

काही नाही. घरी फोन केला. वहिनी म्हणाली, "बाप-लेक दोघंही भिंतीकडे बघून जेवतात. मी भिंतीलाच वाढते आता."

२१ ऑक्टोबर

आज सकाळी बाबांना भट्टीवर गाठलं.

भट्टीच्या भिंतीला एक डोळा आहे, निळी काच धरून त्यातून आत बघतात. बाबा तिथेच उभे होते, निळी काच डोळ्यांना लावून. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मग त्यांनीच विचारलं, महिन्याभरात पहिल्यांदा — "रंग कसा आहे?"

म्हणजे हेही दिसत नाही. रोज येतात, काच लावतात, आणि दिसत नाही.

मी त्यांच्या हातातली काच घेतली, बघितलं. म्हटलं, "चांगला आहे. एकसारखा. कडेला कुठे काळपट नाही."

"विटा?"

"शाबूत आहेत."

"असणारच. मी स्वतः निवडल्यात."

तेव्हा मला बोलायचं सुचलं. आधी पाठ करून आलेलं सगळं विसरले, व्याज, मुदत, हप्ते, सगळं. म्हटलं, "बाबा, दादा तेव्हा स्वस्तातल्या विटा आणा म्हणत होता. सहा वर्षं चालतील अशा. तुम्ही ऐकलं नाहीत. बारा वर्षांच्याच हव्यात म्हणालात. तेव्हा तुम्ही एकोणऐंशीचे होतात."

त्यांनी तोंड भट्टीकडे वळवलं.

"भट्टी बांधताना तुम्ही विचार केलात का, की ती विझेपर्यंत मी असेन की नाही?"

"भट्टीचं वेगळं," म्हणाले.

"वेगळं कसं? भट्टी तुमच्या मागे चालावी म्हणूनच बांधलीत ना. मग तिचं कर्जही तिच्याबरोबर चालू दे. ती रोज बाटल्या देईल, त्यातून हप्ता जाईल. तुमच्या दारात कोणी येणार नाही. ती जळतेय तोवर कोणी येणार नाही. विझली तर मात्र सगळे येतील, बाबा, आणि या महिन्याच्या शेवटी ती विझू शकते."

भट्टीची धग तोंडावर येत होती. माझे डोळे वाहत होते, ते गरमीने की कशाने कोण जाणे. बरंच झालं, त्यांना दिसलं नाही.

बाबांनी निळी काच परत मागून घेतली. रिकाम्या हाताने दोनदा भिंत थोपटली. म्हणाले, "कागद घेऊन ये. एक एक ओळ वाचून दाखवायची. गाळायची नाही."

२३ ऑक्टोबर

चार तास वाचत होते. घसा बसला. प्रत्येक अटीला त्यांचा प्रश्न. "नफा घसरला तर?" तीन महिन्यांची सवलत, मग बोलणी. "आधी फेडायचं म्हटलं तर?" दोन वर्षांनंतर दंड नाही. "हे चांगलं लिहिलंय," म्हणाले. "बाईला कळतं."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी आत येऊन माझ्या शेजारी बसला, पाण्याचा ग्लास पुढे केला. आमच्यात माफी अशीच मागतात.

सही कुठे करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं. सही रेघेवरून घसरली, पण चालते.

३१ ऑक्टोबर

दुपारी बाईंकडचे पैसे थेट बँकेत गेले. भट्टीचं जुनं कर्ज संपलं, त्याच मिनिटाला नवं सुरू झालं. मध्ये एक श्वासही नाही. नव्या साहेबाचा फोन आला, आवाज पडलेला. "सांगायचं तरी मॅडम, आपण काहीतरी केलं असतं." म्हटलं, "लेखी?"

पहिल्यांदाच कोरी रात्र नाही. काळजी वाटतेय बाबांची.

१ नोव्हेंबर

सकाळीच वहिनीला फोन केला. झोपले का? "झोपले? घोरण्याने मला जागं ठेवलं."

४ नोव्हेंबर

बाबांनी आज डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कोणाला न विचारता, स्वतः फोन करून. दोन्ही डोळे, एकापाठोपाठ एक. वहिनी म्हणाली, अहो, पिकलं पान ना तुम्ही? तर म्हणाले, "आठ वर्षं हप्ते फेडायचेत मला. भट्टीकडे बघायला डोळे नकोत?"