घरगाडी कोणाला द्यायची नाही याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा गाड्यांचं वायरिंग (आता बंद), हे माझं मृत्युपत्र डोकं शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहितोय. डोकं शाबूत आहे का, असं जावयाने या महिन्यात दोनदा विचारलं. का विचारलं असेल? म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला आहे. तो मी समोर बसून लिहून घेतला.

आत्ता टेबलाशी तिघं आहेत: वकीलबाई, शेजारचे घड्याळजी आणि माझा धाकटा भाऊ. धाकटा अकरा वर्षांनी या घरात आला. मीच बोलावलं, साक्षीदार म्हणून. कारण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. म्हटलं, उत्तम.

१. घर मुलीला, एकटीच्या नावावर. बँकेत असेल तेही तिलाच. जावयाने राहावं, पण मीटरच्या पेटीला हात लावू नये. मागे त्याने एक बल्ब बदलला आणि अख्खा जिना अंधारात गेला.

२. हत्यारं तंत्रशाळेला, यादी ताडून. (घड्याळजींनी भिंगाच्या दिव्याकडे बघितलं. तेही साक्षीदार आहेत, हे त्यांनी लक्षात ठेवावं.) केबलची टोकं दाबायचं हत्यार यादीत नाही. ते कुठे आहे हे समोरच्यांपैकी एकाला माहीत आहे.

"दादा, आणलंय. पिशवीत आहे," धाकटा म्हणाला.

अकरा वर्षांनी.

३. घरगाडी. जुनी मालवाहू व्हॅन. मी आणि बायकोने दोन वर्षं खपून तिच्यात पलंग, शेगडी, पडदे बसवले. पलंगाखाली इन्व्हर्टर-चार्जर: थांबलो की बाहेरची वीज घेऊन बॅटऱ्या भरणार, निघालो की बॅटऱ्यांवर घरच्यासारखी वीज देणार. मधे अंगठ्याएवढी जाड केबल आणि फ्यूजचा ठोकळा, त्याला दोन नट. माझी पद्धत अशी, की नट पान्याने पक्का आवळला की मी "झालं" म्हणायचो, आणि मगच ही नटावरून बोल्टवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. नट नंतर हलला तर रेघ तुटते. लबाडी लपत नाही.

वर्षभर फिरायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ही पलंगावर आडवी झाली, मी विजेची किटली लावली आणि पलंगाखालून धूर आला. ही वाचली, तळहात भाजला. फ्यूज उडाला नाही. सैल नट नुसता तापत जातो, ते फ्यूजला कळत नाही. गाडी शेडमधे आली ती आजतागायत तिथेच.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीत तिसरं माणूस एकच शिरलं होतं, कलम २ मधलं ते हत्यार मागायला. धाकटा. वर्कशॉपच्या बोर्डावर माझं एकट्याचं नाव होतं, ते त्याला खुपायचं. नट त्यानेच सैल केला. मी जळका ठोकळा नटांसकट डब्यात घालून सील केला, कपाटात ठेवला, किल्ली कमरेला. पुरावा खराब होईल म्हणून कधी उघडला नाही. ही म्हणायची, "भावजी असं करणार नाहीत. एकदा डबा उघडा हो." मी म्हणायचो, तुला माणसं कळत नाहीत. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

सबब घरगाडी भंगारात द्यावी. धाकट्याला तिचं चाकसुद्धा मिळू नये. तुटलेल्या रेघेचा नट सगळ्या नातेवाइकांना दाखवावा.

४. वकीलबाई अडल्या. "डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय हे लिहिता येणार नाही." सील माझंच, शाबूत. उघडलं.

रेघ तुटलेली नव्हती. रेघ नव्हतीच.

मी म्हणालो, याने पुसली असणार. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. "या दुसऱ्या नटावरची तापून तपकिरी झालीय, पण आहे. ह्याच्या आट्यांत रंगाचा कणही नाही. ह्याला रंग कधी लागलाच नाही."

"आणि मी पुसायला कुठून शिरलो, दादा? कपाटाच्या भिंतीतून?"

मग आठवलं. तो नट मी हाताने फिरवून बसवला होता. पाना उचलणार तेवढ्यात धाकटा आला. हत्यार दिलं. आणखी काही उचलतोय का, ते बघत फाटकापर्यंत त्याच्या मागे गेलो. परत आलो आणि पलंगाची फळी ठोकून बसवली. "झालं" म्हणालोच नाही, म्हणून हिने रेघ ओढली नाही. तिला माहीत असणार. आठ वर्षं ती फक्त डबा उघडा म्हणत राहिली.

५. कलम ३ मधला "सबब"पासूनचा मजकूर रद्द. घरगाडी धाकट्याला. वकीलबाई म्हणतात, नव्या कागदावर स्वच्छ लिहा. नको. आधी काय होतं असा संशय पुढे कोणाला यायचा. मला आला असता.

धाकटा म्हणाला, "तू मरेपर्यंत कशाला थांबायचं? उद्या पाना घेऊन येतो, आवळून टाकू."

"कोणता पाना?"

"सतरा नंबर."

बरोबर सांगितलं.

६. आता त्याला साक्षीदार राहता येत नाही. त्याची सही व्हायच्या आधीच त्याला खुर्चीवरून उठवलं आहे आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावून तिथे बसवलं आहे. तो चहा टाकतोय. साखर किती घालतोय ते इथून दिसत नाही. असू दे.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. झालं.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल
तारीख: तेवीस फेब्रुवारी
सही: थोरला

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. धाकटा भाऊ: खोडलं. त्याच्या जागी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)

खोडलं ते मीच. थोरला.