कटल्यांचा हिवाळी खुराक

१४ डिसेंबर, रविवार
मिरजोळ्याच्या जुन्या चिरेखाणीतलं तळं आणि त्यातले कटले. जागा सासुरवाडीची, राखण माझी. मेहुणा अभय मुंबईला जाताना बजावून गेला: २५ जानेवारीला मित्रांना घेऊन गळ टाकायला येतो. मासे धडधाकट असले तर तळं राहील, नाहीतर खाण बुजवून प्लॉट. सहा आठवडे आहेत. पुरे. कटल्यांवरचे एकवीस व्हिडिओ पाहिलेत, पैकी सतरा पूर्ण.

१६ डिसेंबर, सकाळी ७.१०
पाणी २३.४ अंश. थंडी म्हणजे तब्येत कमवायचा काळ. माणसाला लागू, तर माशाला का नाही? याचा विचार आजवर कोणी केलेला दिसत नाही. खुराक ठरला: शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, मेथी, डिंक, अळीव. लाडू लिंबाएवढे, सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस. बायको, म्हणजे प्रभावती, म्हणाली, तळ्यात बाळंतीण कोण आहे ते तरी कळू दे.

२२ डिसेंबर
पाण्यात सोडलेल्या टोपलीत निम्मे लाडू तसेच. चवीचा प्रश्न. उद्यापासून साजूक तुपात.

२ जानेवारी
पाणी २१.८. खालच्या वाडीतला गंगाराम आला. सत्तरीचा, जन्मभर लोकांची तळी राखली, व्हिडिओ एकही पाहिलेला नाही. टोपली ओढून हुंगली. म्हणाला, आप्पा, थंडीत मासा खाली गप बसतो, त्याचं पोट पण गप बसतं. दुपारी ऊन तापल्यावर मूठभर कोंडापेंड टाकायची, पाव तासात संपेल एवढीच. तुम्ही तर लगीनघर काढलंय.
काहींना अनुभव असतो, शास्त्र नसतं.

९ जानेवारी
पाणी हिरवट, वर तुपाचा तवंग. वास येतो, पण पौष्टिक. अभयचा फोन. बावीस जण येतायत; भावोजी, मासे कसे आहेत? गुटगुटीत, म्हटलं. सहा दिवसांत एकही दिसलेला नाही, पण गुटगुटीत मासा खोलातच राहतो.

१७ जानेवारी, पहाटे ५.५०
सगळे दिसले. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासतायत. आधी वाटलं, मला ओळखलं. मग तीन उलटे तरंगताना दिसले. काठावर उभ्यानेच लिहितोय. अक्षर खराब.

६.४०
प्रभावतीने गंगारामला बोलावलं. मी बोलावणारच होतो. तो म्हणाला, न खाल्लेलं कुजलं, पाण्यातला प्राणवायू खाऊन बसलं. विहिरीचा पंप लावून पाणी उंचावरून सोडलं. गंगाराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून टोपलीने घाण काढतोय. पंपाचं बटण मी दाबलं.

११.१५
मासे खाली गेले. मेले तीनच. गंगारामने सांगितलं, आता आठ दिवस दाणासुद्धा नाही. माझाही विचार तिकडेच चालला होता.

२१ जानेवारी
पाणी निवळतंय. आठ दिवस उपास म्हणजे अति. एक लाडू टाकावा का, लहानसा? प्रभावतीने डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे. घरात विश्वास राहिलेला नाही.

२५ जानेवारी, रविवार, संध्याकाळी ६.३०
दुपारी ऊन चढलं आणि उपाशी मासे गळावर तुटून पडले. एकतीस लागले, मोजून परत सोडले. सगळ्यात मोठा सहा किलो चारशे. माझा उपासाचा प्रयोग यशस्वी, असं अभयला सांगायला गेलो. तो गंगारामशेजारी चिऱ्यावर बसून सगळं ऐकत होता. सगळं म्हणजे तुपासकट.
तळं राहणार. दरवर्षी गळ पडणार. आजपासून मासे आणि खाणं गंगाराम बघेल. भावोजी, तुम्ही पार्किंग बघा, असं अभय म्हणाला. मित्रांसमोर.

६.५५
बावीस माणसांच्या नऊ गाड्या, त्याही वाकड्यातिकड्या लावलेल्या. या विषयात इथे कोणाला काही कळत नाही. टेप घेऊन खाणीचं तोंड मोजलं: अठरा फूट चार इंच.